तीन राष्ट्राध्यक्ष आणि एक कोबी

आधी एकच सांगते, मी हेर नाहीये. हसू नका! हे वाक्य मी सरकारी कागदावर लिहून दिलंय, तारीख घालून, सही करून. तरीसुद्धा आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मला जिन्यात बघितलं की मोबाइल पोटाशी उलटा धरतात. मी दोन पायऱ्या चढेपर्यंत त्यातलं सगळं वाचून शत्रूला कळवणार, असं त्यांना वाटतं. त्यांच्या मोबाइलमध्ये असतं काय, तर गुलाबाच्या फोटोवर 'शुभ सकाळ'. शत्रू करणार काय घेऊन?

बरं, सुरुवातीपासून सांगते. मध्ये बोलू नका, मग माझा धागा सुटतो.

माझं काम म्हणजे परदेशी मालिका आपल्या भाषेत बोलत्या करायच्या. आवाज मी देत नाही; माझा आवाज सर्दी झालेल्या बदकासारखा आहे असं आमच्या बॉसचं मत आहे, आणि पगार तेच देतात म्हणून ते माझंही मत आहे. मी संवाद लिहिते. म्हणजे दिवसभर लोकांचे ओठ बघायचे. त्यांनी ओठ मिटले की आपल्या वाक्यात तिथे प, ब, म असलं काहीतरी यायला हवं. तोंड उघडं राहिलं की आ. अर्थ नंतर, जागा उरली तर. एकदा एका नायकाचं तोंड वाक्य संपलं तरी हलतच होतं, म्हणून मी शेवटी 'आणि घरी सगळे मजेत ना?' असं घातलं. नायिका त्यावर हमसून हमसून रडली. ती मुळातच रडत होती, मी काय करणार!

तर आमच्याकडे शेजारच्या देशाची एक मालिका होती. समुद्रकाठचं गाव. एका बाईचा नवरा बोटीवर जातो आणि पहिल्याच भागात बुडतो. आपल्या डोळ्यांदेखत बुडतो, बुडबुड्यांसकट. पण गावात ते कोणालाच माहीत नाही, आणि दर महिन्याला बायकोला त्याचं पत्र येतं! बारा वर्षं! मग पत्रं लिहितं कोण? दीर? डॉक्टर? दीपगृहवाला? एकशे अठरा भाग हाच एक प्रश्न, आणि सगळं शहर वेडं झालेलं. माझ्या दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "दीरच ना?" मी म्हटलं "आँ," तर त्याने ते 'हो' धरलं आणि वेटिंग रूममध्ये जाऊन सांगितलं.

मला तरी कुठे माहीत होतं! आम्हाला भाग यायचे आठवड्याला दोन. शेवटचे दोन यायचे होते आणि तेवढ्यात दोन्ही देशांचं बिनसलं.

कशावरून? झग्यावरून. तिकडची एक गायिका मोठ्या कार्यक्रमात नकाशा छापलेला झगा घालून नाचली. त्या नकाशात सामुद्रधुनीतला एक खडक त्यांच्या रंगात होता. खडक केवढा? चार बगळे बसले तर पाचव्याने परत जायचं, एवढा. पण आपल्याकडचे खवळले. तिकडचे म्हणाले, झग्याला घडी पडली होती. आपले म्हणाले, घडीमागे कोणाचा हात आहे? चार दिवसांत राजदूत परत, क्रिकेटचे सामने बंद, त्यांची गाणी बंद, आणि मालिका? ते विचारायला मला आयात खात्यात पाठवलं.

तिथल्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी परिपत्रक तीनदा वाचलं. "नवा माल बंद. आधी आलेला माल चालेल."

"पण शेवटचे दोन भाग यायचेत."

"आलेत?"

"नाही ना."

"मग ते नाहीतच," त्या म्हणाल्या. आणि मग खिडकीतून जरा पुढे वाकून, "दीर आहे का हो?"

बॉसनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याकडे एकशे अठरा भाग आहेत. त्यातलीच दृश्यं काप, इकडची तिकडे जोड, तोंडी नवे संवाद घाल, आणि शेवट कर. गुरुवारी दाखवायचाय."

"शेवट काय करू?"

"तू लेखिका आहेस ना?" हे ते पहिल्यांदाच म्हणाले. एरवी मला 'ओठवाली' म्हणतात. मी इतकी हुरळले की हो म्हणून बसले.

आणि मग बघा सल्ले! समोरच्या वहिनी म्हणाल्या, "दीरच कर. मला तो पहिल्यापासून आवडत नाही, दार न वाजवता आत येतो." खालचे काका म्हणाले, "शेवटी दाखव की सगळं गावच त्यांचं हेरखातं होतं. देशासाठी एवढं कर." मी दीर करून बघितला, डॉक्टर करून बघितला. दीपगृहवाला तर एकशे अठरा भागांत फक्त चौदा वाक्यं बोललेला, त्यातली सहा 'वारा सुटलाय'. काहीच पटेना. सोमवार गेला, मंगळवार उजाडला.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले, तर आत्या ऑफिसमधून येताना टपालपेटीतलं एक पाकीट घेऊन आली होती. आजोबांच्या हातात देत म्हणाली, "बाबा, आलं बघा."

आता इथे तुम्हाला आमच्या घरातलं सांगायला हवं, आणि हे या खोलीबाहेर जाता कामा नये. घरात आम्ही तिघं. मी, आत्या आणि आजोबा. आजोबा पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीच्या तक्रारी बघायचे, एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर करायला काही उरेना, म्हणून त्यांनी जगाकडे लक्ष घातलं. कुठे दोन देश भांडले की आजोबा त्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिणार. "एका पाइपवर दोन जोडण्या असल्या की भांडण व्हायचंच, मी अशी तीनशे मिटवली आहेत," अशी सुरुवात, आणि पुढे वेळापत्रकासकट तोडगा. आपल्याच भाषेत. "त्यांच्याकडे भाषांतर खातं असतं," असं त्यांचं म्हणणं. पत्र टाकायला आत्याकडे द्यायचे, आणि मग दोन-दोन महिने रोज टपालपेटी उघडून बघायचे. उत्तर कुठून येणार? हळूहळू जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. आणि मग एक दिवस उत्तर आलं. बर्फाच्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष बाईंचं! मग बेटांच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांचं. मग एका वाळवंटी देशाच्या. सहा वर्षं येतायत. मला गेल्या वर्षी कळलं. आत्याच्या ऑफिसात तिला डबा द्यायला गेले, तर पडद्यावर 'महोदय, आपली सूचना मंत्रिमंडळापुढे ठेवली आहे' असं अर्धवट पत्र. तिने फक्त ओठांवर बोट ठेवलं.

तर त्या मंगळवारी आजोबा पत्र मोठ्यांदा वाचत होते, आत्या भाजी निवडत ऐकत होती, आणि मध्येच म्हणाली, "अय्या, असं लिहिलंय त्यांनी?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! दीर नाही, डॉक्टर नाही, सासू! सुनेने आशा सोडू नये म्हणून घरातलीच, रोज समोर बसणारी सासू लिहिते!

बुधवारी दिवसभर दृश्यं शोधली. सासू सुनेकडे बघून सलग दोन मिनिटं बोलतेय असं एकच दृश्य होतं, भाग तेहतीस, आणि त्यात ती मुळात भाजीवाल्याबद्दल तक्रार करत होती. चेहरा कसा, अगदी कातर. ओठ जुळले. फक्त तिच्या हातात कोबी होता. काढता येईना. म्हणून सासू आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गुपित कोबी हातात धरून सांगते, आणि 'मला माफ कर, पोरी' म्हणताना त्याचं एक पान काढते. गुरुवारी ते लागलं आणि सांगते तुम्हाला, सगळं शहर रडलं. वहिनी रडल्या. दाताचा डॉक्टर फोन करून रडला. कोबीवर लेख आले! 'एकेक पान उलगडत जाणारं सत्य' वगैरे. मी दोन दिवस मान ताठ करून फिरले.

शनिवारी तिकडे त्यांचा खरा शेवटचा भाग लागला. सासूच.

तेच गुपित, तेच कारण. माफी मागायची पद्धतसुद्धा तीच! फक्त कोबी नव्हता.

रविवारी त्यांचा पेपर म्हणाला, आमच्या मालिकेचा शेवट फुटला, आमच्यात फितूर आहे. त्यांनी त्यांच्या लेखकालाच चौकशीला बसवलं. सोमवारी आपला पेपर म्हणाला, तिकडचं गुपित इकडे दोन दिवस आधी कळतं, तर इकडची तिकडे किती कळत असतील? मंगळवारी बॉसनी मला घरी बसवलं. "तुझ्यावर माझा विश्वास आहे," म्हणाले, आणि माझी खुर्ची तपासायला घेतली. त्यांनी जबाब काय दिला माहितेय? 'सदर मुलीला स्वतःचं असं काही सुचत नाही, हे मी चार वर्षं बघतोय.' हेर ठरले असते तर एक वेळ चाललं असतं हो, पण हे! शाळेतल्या बाईंनाही विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'माझी सहल' या निबंधात हिने बसचे थांबे लिहिले होते. वहिनींनी साखर मागायला येणं बंद केलं. खालच्या काकांनी तर सोसायटीला अर्ज दिला की आमच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा क्रम रोज बदलतो, याची नोंद व्हावी.

आणि गुरुवारी सकाळी चौकशी अधिकारी घरी आले. बारीक, उंच, हातात फाइल. पाणी दिलं तर आधी पेल्याच्या तळाकडे बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"हा शेवट तुम्हाला कुठून मिळाला?"

"सुचला."

"कुठून?"

"असाच."

"असंच कोणाला काही सुचत नसतं, ताई. तुम्हाला तर नाहीच, असा इथे जबाब आहे." त्यांनी पान उलटलं. "कोबीच का?"

"त्या दृश्यात तिच्या हातात होता."

"तिकडच्या भागात तिचे हात मोकळे आहेत. म्हणजे कोबी तुम्ही घातलात."

"घातला नाही हो, काढता आला नाही!"

त्यांनी लिहिलं, 'कोबी काढता आला नाही,' आणि खाली रेघ मारली. "शेवट तुम्ही स्वतः रचला हे पटवून दिलंत तर प्रकरण मिटेल. नाही तर नाव यादीत जाईल. नोकरी, पासपोर्ट, सगळंच थांबेल. बोला."

आता सांगा, काय बोलू? खरं सांगायचं तर 'आमच्या घरात आत्या खोटी पत्रं लिहिते' एवढं एकच वाक्य. आणि आजोबा आतल्या खोलीत बसलेले, दार उघडं. मी आत्याकडे बघितलं, आत्याने माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"घरात कोणाचा परदेशाशी पत्रव्यवहार?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"नाही कसा?" आतून आवाज आला. "आहे की!"

आजोबा शर्टाची वरची गुंडी लावत बाहेर आले, काखेत जाडजूड फाइल. "आपण सरकारी माणूस, मीही सरकारी होतो. माहिती पूर्ण द्यावी. तीन देशांशी नियमित, बाकी देश अजून विचार करतायत."

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि त्यांच्या पेनचं टोपण खाली पडलं. ते त्यांनी उचललंही नाही.

"पाकिटावर तिकीट नाही?"

"राजनैतिक टपालाला लागत नाही," आजोबा म्हणाले.

"आपल्या भाषेत?"

"भाषांतर खातं."

त्यांनी एक पत्र वाचायला घेतलं, राष्ट्राध्यक्ष बाईंचं. "'तब्येतीला जपा. संध्याकाळच्या गोळ्या चुकवू नका.' कसल्या गोळ्या?"

"बीपीच्या. मी कळवलं होतं त्यांना."

"किती?"

"दोन. एक जेवणाआधी."

तेही लिहिलं गेलं. मग त्यांनी तिन्ही देशांची पत्रं शेजारी शेजारी मांडली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "डाव्या बाजूला ही काळी रेघ आहे. बर्फातल्या पत्रावर, बेटावरच्या, वाळवंटातल्यासुद्धा. एकाच जागी, एकाच जाडीची. ही खूण कशाची?"

आत्याच्या ऑफिसातला प्रिंटर तसाच आहे हो, वर्षानुवर्षं रेघ मारतो! पण बोलणार कोण?

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, दोनच शक्यता आहेत. पत्रं खरी असतील, तर या घराचे तीन परकीय सरकारांशी संबंध आहेत, आणि तुमच्या नातीला शेवट कसा कळला ते मला वेगळं विचारायची गरज नाही. आणि खोटी असतील, तर ती कोणी लिहिली ते मला आत्ता, इथे कळायला हवं."

आत्याने तोंड उघडलं. मी मान हलवली, नको म्हणून. जाऊ दे पासपोर्ट, म्हटलं मनात, मी कुठे चाललेय! आजोबांनी अधिकाऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत होते. मग फाइलवर हात ठेवला आणि म्हणाले,

"मी लिहिली."

"काय?"

"मीच. रिटायर माणूस. उत्तर कोणी देत नव्हतं, म्हणून माझी मीच लिहिली. सगळी खोटी आहेत."

आत्या एकदम पुढे आली. "माझ्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढायचो. मी... मी काढून द्यायचे. तो रेघ मारतो, येऊन बघा." आणि मलाही कंठ फुटला. "आणि तेच बघून मला शेवट सुचला! घरातलंच माणूस पत्रं लिहितं, हे मी रोज बघत होते! आता तरी पटलं का?"

अधिकाऱ्यांनी समोरचं पाणी उचललं आणि एका दमात प्यायले. जबाब लिहिला, माझी सही घेतली, आजोबांची घेतली. त्यांनी जुन्या हुद्द्यासकट केली. फाइल पुरावा म्हणून न्यायला उचलली, आजोबांचे हात नकळत पुढे झालेले बघितले, आणि परत खाली ठेवली. "नमुन्याला एक पुरे," म्हणाले, आणि त्यातल्या त्यात छोटं, बेटांच्या राष्ट्राध्यक्षांचं पत्र घेतलं. दारात थांबून मला म्हणाले, "माझी आई कोबी चिरताना अजून रडते." यावर काय म्हणायचं असतं? मी 'नमस्कार सांगा' म्हटलं.

प्रकरण मिटलं. तिकडच्या लेखकालाही सोडलं म्हणे. शेवट कुठून सुचला यावर त्याने जबाबात स्वतःच्या आईचं नाव घेतलं होतं. बॉसनी मला परत बोलावलं, ओठवाली म्हणूनच. हे सगळं नंतर.

त्या सकाळी दार लागल्याबरोबर आजोबांनी कडी घातली, पडदा ओढला आणि खुर्चीत बसले. चेहरा इतका उतरलेला मी कधी बघितला नव्हता.

"सरकारी माणसाशी खोटं बोललो," ते हळू आवाजात म्हणाले. "एकतीस वर्षांत कधी नाही बोललो."

आत्या त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, मला तुम्हाला काहीतरी..."

"थांब, मला बोलू दे. पोरीसाठी करावं लागलं, त्याचं काही नाही. पण बेटांच्या राष्ट्राध्यक्षांचं पत्र, त्यांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेलं, आणि मी ते लेखी खोटं ठरवलं! त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल? कागद घे. आजच्या आज दिलगिरी जायला हवी."

आत्याचं वाक्य तोंडातच राहिलं. तिने कागद घेतला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली, आणि मध्ये मध्ये नाक पुसत होती. 'नातीवर बालंट आलं होतं, दुसरा मार्ग दिसला नाही, आपण मोठ्या मनाने समजून घ्यावं.' मग स्वयंपाकघरात येऊन तिने ते पत्र माझ्या हातात दिलं. "याचं उत्तर मला नाही जमायचं. या वेळी तू लिही."

मी म्हटलं, त्यात काय, सगळं शहर रडवलंय मी! आणि बसले. सांगते तुम्हाला, ओठ नसले की काही सुचत नाही. प कुठे घालायचा, ब कुठे घालायचा, काही कळेना. बारा दिवस लागले. सात कागद फाडले. शेवटी एवढंच लिहिलं: 'महोदय, आपलं पत्र मिळालं. आम्हालाही एक नात आहे. तिच्यासाठी आम्ही सगळा देश खोटा ठरवला असता, आपण तर नुसती पत्रं ठरवलीत. गैरसमज नाही. गोळ्या चालू ठेवा.'

आत्याने ते रेघेसकट काढून आणलं. आजोबांनी खिडकीशी उभं राहून वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला, घडी घालून फाइलमध्ये लावलं, आणि त्या दिवसापासूनची खाली गेलेली मान पहिल्यांदा वर आली.

"माणूस मोठा आहे," ते म्हणाले. "पण या वेळी भाषा जरा कच्ची वाटली, नाही? नवीन सेक्रेटरी ठेवलेला दिसतोय."

आत्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नवीनच आहे, बाबा," ती म्हणाली. "शिकेल हळूहळू."